आधी पातं दाखवा

साकोलीला बसस्टँडच्या मागच्या रस्त्यावर माझं ब्लाऊज शिवायचं दुकान होतं, आणि त्याला लागून वसंतरावांचं हार्डवेअरचं. मधे फक्त टिनाचा पत्रा. माझी मशीन थांबली की पलीकडचं सगळं बोलणं ऐकू यायचं, आणि खरं सांगायचं तर पुष्कळदा ते ऐकायलाच मी मशीन थांबवायची. खिळे, कड्या, दोरखंड, नळाच्या तोट्या, उंदराचे पिंजरे, काय म्हणाल ते त्यांच्याकडे मिळायचं आणि ते मुकाट्यानं काढून द्यायचे. पण कोणी येऊन म्हटलं, "भाऊ, धार लावाचा गोटा द्या," की पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा. मग मी समजायची, आता या गिऱ्हाइकाची काही खैर नाही.

"कायले पाहिजे गोटा?"

"धार लावाले, आनखी कायले."

"कशाले धार लावता? आधी पातं दाखवा."

पातं कोण बरोबर घेऊन फिरतं? ते घरी असायचं. "मंग घरी जा, घेऊन या. अवो, चष्मा घ्याले गेले तं डोळे घरी ठेवून जाता का?" गिऱ्हाईक चिडायचं, बाजूच्या दुकानातून कुठलाही दगड घेऊन जायचं. वसंतरावांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. जो परत यायचा तो मात्र जन्माचा त्यांचा व्हायचा.

मीही तशीच परत गेलेली. दुकान टाकलं तेव्हा माझी कैची कापड चावायला लागली होती. मी म्हटलं शेजारीच आहे, एक दगड घेऊन टाकू. त्यांनी कैची उघडली, उजेडात धरली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं माझ्या हातून खून झाला आहे.

"आतून कोनं घासली?"

"यांनी. आमच्या घरच्यांनी."

"त्यायले म्हना, चहा करा, भाजी आना, पन कैचीले हात नोका लावू. कैचीची आतली बाजू सपाट असते. दोन पाती एकमेकीले चिकटून चालली पाहिजेत. आतून गोटा लावला का मंधात फट पडली, मंग ते कापड कापत नाही, चावते." मग त्यांनी दगड काढला, कैची बाहेरून घासून दिली आणि दगड परत आत ठेवला. "तुमाले गोटा देत नाही मी. कैची आनत जा."

तेव्हापासून मी कैची नेत गेले.

त्यांचे दगड गल्ल्याखाली एका पेटीत असायचे, प्रत्येक वेगळ्या फडक्यात. एका बाजूनं भरड आणि दुसऱ्या बाजूनं बारीक असे काळे दगड बाजारातले. एक लालसर कुरुंदाचा. चुलबंद नदीच्या पात्रातून त्यांनी स्वतः वेचून आणलेले करड्या रंगाचे चार-दोन. आणि एक पिवळट, फार गुळगुळीत, तो फक्त न्हाव्याच्या वस्तऱ्यासाठी. नवा माल आला की ते प्रत्येक दगड कानाजवळ धरून बोटाच्या पेरानं ठोकायचे. बोदा आवाज आला तर आतून तडकलेला. मग त्यावर पाण्याचा थेंब सोडायचे. पटकन प्यायला तर भरड, थेंब बसून राहिला तर बारीक. तेलाचं नाव काढलेलं त्यांना चालायचं नाही. "एकडाव तेल पेला का तो गोटा पान्याले ओळखत नाही," म्हणायचे. मधे खोलगट झालेला दगड कोणी आणला तर फरशीवर वाळू आणि पाणी टाकून तो आधी सपाट करून द्यायचे, आणि तोंडानं चालूच, "यावर बटाटा ठेवा, चाकू नोका ठेवू."

आमच्याकडे विळीला पावशी म्हणतात. पावशीचं लोखंड नरम, तिला नदीचा दगड. स्टीलच्या सुरीला आधी काळ्याची भरड बाजू आणि मग बारीक. दात असलेल्या विळ्याला दगड नाहीच, त्याला कानस, आणि तीही तीन धारांची. हे सगळं ते गिऱ्हाइकाला पटेपर्यंत सांगायचे, पटलं तरी सांगायचे. एकदा एक सूनबाई मोबाइलवरून मागवलेलं धार लावायचं यंत्र घेऊन आली, खाचेत सुरी घालून ओढायचं तसलं. वसंतरावांनी, म्हणजे आमच्या भाऊंनी, सुरी ओढली, वर्तमानपत्राचा कागद कापून दाखवला, कागद टराटरा फाटला. "हे धार लावत नाही माय, पातं ओरबाडते," म्हणाले, आणि यंत्र तिला इतक्या अदबीनं परत दिलं की ती बिचारी हसावं की रडावं अशी उभी.

पण खरी गंमत होती त्यांच्या अंगठ्याची. एका बाजूनं पातं घासत गेलं की दुसऱ्या बाजूला धातूची अगदी बारीक कोर उलटून येते. डोळ्याला सहसा दिसत नाही, बोटाला कचकचते. तिला ते मिशी म्हणायचे. मिशी आली की बाजू बदलायची, नाही आली तर घासत राहायचं, आणि शेवटी हलक्या हातानं ती मिशी काढून टाकायची. सगळी विद्या त्या मिशीत. भाऊ उजव्या हाताचा अंगठा पात्यावरून आडवा फिरवायचे, डोळे मिटून, आणि म्हणायचे, "आली." कोणी विचारलं तर म्हणायचे, "मशीन इथंच बसवली हाये देवानं."

एका वर्षी उन्हाळ्यात ते पूर्ण बाह्यांचा शर्ट घालू लागले. मेच्या महिन्यात आमच्याकडे पंख्याखालीसुद्धा माणूस वाफलतो. मी पत्र्याअलीकडून थट्टा केली, "भाऊ, सासरी जाऊन राहिले का?" ते हसले नाहीत. मला तेव्हा काही वाटलं नाही.

मग नलूबाईच्या पावशीचा दिवस आला. नलूबाई आमच्या कोपऱ्यावर पोह्याची गाडी लावते, जिभेनं तिखट, मनानं बरी. तिनं सकाळी पावशी दिली आणि गाडी आवरून न्यायला आली तरी भाऊ घासतच होते. दगडाचा आवाज सकाळपासून एकसारखा, बाजू बदलल्याचं काही कळेना. मी मशीनवर बसून कंटाळले.

"भाऊ, झाली का माही पावशी?"

"थांबा जरा. मिशीच येऊन नाही राहिली."

"अवो, पातं अर्ध खाल्लं तुमी. हे पाहा मिशी, किती पाहिजे अजून?"

मी उठून बाहेर आले. पात्याच्या कडेला मिशी उभी होती. इतकी मोठी की उन्हात मला, माझ्यासारख्या शिंपिणीला, दुरून चमकताना दिसली. भाऊ अंगठा तिच्यावरून फिरवत होते, परत फिरवत होते, मान हलवत होते. आणि दगडावरचा राखाडी गाळ एका बाजूनं लाल झाला होता.

"भाऊ, रक्त," मी म्हटलं.

त्यांनी वर पाहिलं. "कोनाचं?"

नलूबाईला काही समजलं नाही, ती "अगंबाई, लागलं का" म्हणत चिंधी शोधू लागली. अंगठ्याचं मांस उघडं पडलं होतं आणि ते त्याकडे दुसऱ्याचा हात असल्यासारखे बघत होते. बाही वर सरकली होती. मनगटाच्या वर एक फिकट चट्टा होता, तळहाताएवढा.

माझ्या माहेरी गावाबाहेर तलावाच्या पाळीजवळ एक झोपडी होती. तिथं एक बाई राहायची. तिचं नाव आम्हाला कधी कोणी सांगितलं नाही. तिचं ताट एका खुंटावर ठेवलेलं असायचं, आम्ही पोरं लांबून जायचो, आणि आई तो शब्द तोंडातून काढायची नाही, नुसती मानेनं दाखवायची. त्या दिवशी दुपारभर मला ते ताट दिसत राहिलं. मी भित्री बाई आहे, मला पालीची भीती वाटते, विजेची वाटते. पण ही भीती वेगळी होती. ती भाऊंसाठी होती, वहिनींसाठी होती, आणि खोटं कशाला बोलू, माझ्या स्वतःच्या हातांसाठीही होती.

कोणीच तो शब्द उच्चारला नाही. भाऊ म्हणाले साखर असेल. बसस्टँडजवळच्या लॅबमधे जाऊन रक्त देऊन आले. साखर नॉर्मल निघाली, आणि साखर नॉर्मल आली म्हणून तोंड उतरलेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला. मग म्हणाले वय झालं. मग म्हणाले पंख्याचा वारा. सरकारी दवाखान्याच्या आशाताई घरोघरी विचारत आल्या, अंगावर कुठं चट्टा आहे का, बधिरपणा आहे का. पत्र्यापलीकडून भाऊंचा आवाज आला, "आमाले काय होते बाई, आमी लोखंडाचे मानसं." आशाताई हसून पुढच्या घरी गेल्या. मी सुईत दोरा ओवत होते, तो काही केल्या ओवला जाईना.

दोन-तीन दिवसांनी भर दुपारी शकूवहिनी, म्हणजे त्यांची बायको, माझ्याकडे आली. ब्लाऊजचं कापड हातात होतं, पण कापडाबद्दल ती बोललीच नाही. दारात पडदा ओढून खाली बसली.

"बाई, ते गरम भात हातात धरून बसतात. कालवतच राहतात. बोटाले फोड आला, त्यायले समजलं नाही."

"तुम्ही बोललात का त्यांच्याशी?"

"बोल्ली. तं ताट सरकवून देल्लं. कधी असे करत नव्हते वो." मग एकदम खालच्या आवाजात, "लोक दुकानात येतीन का मंग? त्यायच्या हातचं घेतीन का कोनी?"

मी म्हटलं भंडाऱ्याला जाऊ, मोठ्या दवाखान्यात, साकोलीला सगळे ओळखतात. ती म्हणाली मी एकटी त्यांना नेऊ शकत नाही, तुम्ही चला. मला जायचं नव्हतं. गेले.

एसटीत भाऊ आमच्यापासून चार सीट पुढे बसले, ओळखीचं कोणी चढलं तर एकटा कामाला चाललोय म्हणायला. नवा शर्ट घातला होता. वाटेतलं लाखनी गेलं, तेव्हा त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं, फक्त आम्ही आहोत ना तेवढं बघायला. माझ्या शेजारी वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती, गुंडाळत होती आणि सोडत होती.

डॉक्टरीण तरुण होती, घाईत नव्हती. तिनं कापसाची बारीक वात केली. "काका, डोळे मिटा. मी हाताला लावीन. लागलं की हो म्हणा."

भाऊंनी डोळे मिटले. तिनं कोपराजवळ वात टेकवली. "हो." बरोबर. चट्ट्यावर टेकवली. "हो." अंगठ्यावर टेकवली. "हो." मग तिनं वात उचलून हवेत धरली, कुठंच लावली नाही, आणि गप्प राहिली.

"हो," भाऊ म्हणाले.

ती तशीच थांबली.

"हो. हो, लागलं. इथंच लागलं."

डोळे घट्ट मिटलेले, कपाळावर घाम, आणि तोंडानं हो, हो. ज्या माणसानं जन्मभर डोळे मिटून खरं तेच सांगितलं तो तिथं बसून अंदाजानं बोलत होता. मला तिथून पळून जावंसं वाटलं. डॉक्टरीण आमच्याकडे बघत राहिली, मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. शेवटी वहिनी पुढे झाली आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"अवो, खरं सांगा नं. कोनी काई लावूनच नाही राहिलं."

त्यांनी डोळे उघडले. वात हवेत होती. त्या वातीकडे पाहत ते लहान आवाजात म्हणाले, "मले मिशी समजत नाही, मॅडम." डॉक्टरणीला मिशी म्हणजे काय ते कळलं नाही, पण तिनं मान हलवली.

तिनं तो शब्द अगदी सहज उच्चारला. कुष्ठरोग. जसं आपण सर्दी म्हणतो. म्हणाली, गोळ्या आहेत, सरकारी आहेत, वर्षभर चुकवायच्या नाहीत. गोळी सुरू झाली की तुमच्यापासून कोणाला काही होत नाही, वेगळं ताट नाही, वेगळं अंथरूण नाही. मग तिनं त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला, मनगटाची नस दाबून पाहिली. "स्पर्श गेला तो कदाचित पूर्ण परत यायचा नाही. पण बोटं सरळ आहेत, ती सरळ ठेवायची. हा हात आता दुखणार नाही काका, म्हणून तुम्हाला तो रोज बघावा लागेल. पुढून, मागून, बोटांच्या मधे. जखम तुम्हाला सांगायला येणार नाही."

पहिली गोळी तिथंच तिच्यासमोर घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी धावत माझ्याकडे, लघवी लाल झाली म्हणून. डॉक्टरणीनं आधीच सांगितलं होतं की होईल, तरी आम्ही दोघी तिला फोन लावत बसलो.

पुढे पत्र्यापलीकडून दगडाचा आवाज येणं बंद झालं. खिळे द्यायचे, कड्या द्यायचे. गोटा मागायला कोणी आलं की म्हणायचे, "माल नाही." पेटी तिथंच होती. साकोलीत कुणकुण सुरू झाली होती की नाही मला कळेना. गिऱ्हाईक कमी झालं की मला वाटायचं कळलं, वाढलं की वाटायचं नाही कळलं. रोज तेच.

दिवाळीनंतर गल्लीत लग्न निघालं. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी घरोघरच्या बायका आपापली पावशी घेऊन मांडवात येतात, वांगी-बटाटे चिरायला. आणि चिरायच्या आधी सगळ्या पावशा भाऊंच्या पुढ्यात पडायच्या, ही गल्लीची पद्धत. वहिनी त्यांना म्हणाली पोट दुखतंय सांगा, घरीच राहा. तिची काय चूक होती? मीही तेच म्हटलं असतं. भाऊ मात्र अंघोळ करून, अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून, पेटी घेऊन आले.

मांडवात सतरंजीवर पावशांचा ढीग पडला होता. त्यांनी कशालाही हात लावला नाही. उभे राहिले आणि बोलले.

"पहिले आयका. मले कुष्ठरोग झाला हाये. गोळ्या चालू हायेत. डॉक्टर म्हनते का आता माह्यापासून कोनाले होत नाही. पन ज्यायले पावशी परत न्याची असंल त्यायनं न्या. मी राग नाही धरत."

वांगी धुण्याचं पाणी टोपल्यातून ठिबकत होतं, तेवढाच आवाज. मग एक बाई उठली, आपली पावशी घेतली आणि कोणाकडे न पाहता गेली. दुसरी उठली. मग दोघी एकदम. मी ढीग कमी होताना बघत होते. वाटलं आता एकही राहत नाही. वहिनी मांडवाच्या खांबामागे उभी होती, आत यायची हिंमत नव्हती.

नलूबाई उठली. तिनं ढिगातून आपली पावशी उपसली, पातं वर धरलं, झिजून पार बारीक झालेलं.

"माही तं तुमी अर्धी खाल्लीच हाये," ती म्हणाली, "आता उरली ते कायले ठेवता?" आणि पावशी सरळ त्यांच्या हातात दिली. "पान्यात वांगे काळे पडून राहिले, भाऊ. बसा."

काही बायका हसल्या. काही नाही हसल्या. गेल्या त्यांच्यापैकी कोणी परत आलं नाही, आणि त्यातल्या दोघी आजतागायत त्यांच्या दुकानाची पायरी चढत नाहीत. पण निम्म्याच्या वर पावशा तिथंच राहिल्या. भाऊ बसले, नदीचा दगड भिजवला आणि घासायला लागले. थोड्या वेळानं त्यांनी पातं माझ्यापुढे केलं. "बाई, जरा बोट लावा." मी जपून बोट आडवं फिरवलं. कचकचलं. मी म्हटलं आली, तशी त्यांनी बाजू बदलली.

पुढच्या वर्षी माझ्या गुडघ्यांनी मशीन सोडायला लावली आणि मुलानं मला नागपूरला नेलं. सामान आधीच गेलं होतं. सकाळी ऑटोत बसून स्टँडकडे निघाले, तेव्हा भाऊ दुकानाच्या पायरीवर होते. पुढ्यात दगड, कोणाची तरी सुरी. निरोप आदल्या दिवशीच घेऊन झाला होता. त्यांनी उजवा हात वर केला, बोटं पसरून. मीही ऑटोतून हात काढून हलवला, डोळे भरून आले. मग दिसलं की ते माझ्याकडे पाहतच नव्हते. हात त्यांनी उजेडात धरला होता. तो आधी पुढून पाहिला, मग उलटा केला, मग एकेक बोट बाजूला सारून मधे पाहिलं. कुठं काही नव्हतं. त्यांनी हात धोतराला पुसला आणि पुढ्यातली सुरी घेतली.